थंडीच्या तोंडावरचा भाजीमळा : तुमचे अनुभव लिहा

टोमॅटो, वांगी, मिरची उरकली की मळ्याचं वर्ष संपलं, असं बरेच जण धरून चालतात. मला ते पटत नाही. दिवस आखडले की पेरणी कमी होते आणि राखण वाढते. पालक, गाजर, कोबी, लसूण यांचा खरा काळ हाच. या दिवसांत तुम्ही काय लावता, काय झाकता, काय उपटता? हातचं न राखता लिहा.

*

माझी सुरुवात लसणाने. जमीन गोठण्याआधी मुळं धरतील एवढी सवड ठेवून पाकळ्या लावायच्या. टोक वर, साधारण ५ सेंमी खोल, आणि वरून वाळल्या पानांचं किंवा पेंढ्याचं जाड आच्छादन. लसणाला थंडी लागतेच. ती पुरेशी मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्या सुटत नाहीत, एकच गोळा राहतो. सर्वांत मोठे गड्डे मी लागवडीसाठीच बाजूला काढते, मग स्वयंपाकघरातून कितीही मागणी येवो.

*

गारठ्यात गाजर-पालक गोड का होतात हे समजल्यापासून मी काढणीची घाई सोडली. थंडी वाढते तशी झाडं पेशींत साखर साठवतात आणि मग पेशींतला रस शून्य अंशालाही लगेच गोठत नाही. झाडाने स्वतःच्या जिवासाठी केलेली ही तजवीज आपल्या ताटात येते, याचं मला अजून अप्रूप वाटतं. केल ही कोबीच्या कुळातली पालेभाजी तर कडक रात्री सोसल्यावरच तोडावी. पहाटे पानं काचेसारखी ताठ असतात, तेव्हा हात लावू नका. पेशी फुटतात आणि पानांवर काळे डाग पडतात. ऊन चढून पानं सैल पडली की मग तोडणी.

*

वरच्या ताई म्हणतात ते अगदी खरं. पण त्या कडक रात्री आधी ओळखता आल्या पाहिजेत. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, सूर्य मावळताच अंगाला झोंबणारा गारठा : अशा वेळी डोक्याच्या उंचीवरचा थर्मामीटर २-३ अंश दाखवत असला, तरी जमिनीलगतची पानं शून्याखाली गेलेली असू शकतात. थंड हवा जड, ती सखल वाफ्यांत आधी साचते. म्हणून मी नाजूक पिकं उतारावर वरच्या अंगाला घेतो. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते, त्यामुळे पाणी दुपारीच. क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचं पातळ कापड, कमानींवर ताणून लावा. पानाला टेकलं की तेवढं पान करपतं. फ्लॉवर कोबीइतका काटक नाही, त्याची बाहेरची पानं गड्ड्यावर दुमडून बांधतो. वाटाण्याचं रोप थंडी सोसतं, फुलं आणि कोवळ्या शेंगा सोसत नाहीत. त्यामुळे फुलोरा कडाक्यात सापडणार नाही असं बघूनच पेरणीची वेळ धरायची.

*

कांद्याचं कुणी लिहिलं नाही. थंडी येईपर्यंत रोप पेन्सिलीपेक्षा जाड झालं असेल तर पुढे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येण्याची भीती असते. मध्यम रोपंच निवडा.

*

मी आवराआवरीबद्दल सांगतो. रोग पडलेले टोमॅटोचे वेल रानात ठेवत नाही, आणि बटाट्याच्या सरीतला राहिलेला एकूण एक बटाटा वेचतो. करप्याची बुरशी अशाच बटाट्यात हिवाळा काढते. रिकाम्या वाफ्यांत राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) पेरतो. इतर बियाणं रुसतं तेव्हाही ती गार मातीत उगवते, तिची मुळं माती धरून ठेवतात, आणि वसंतात तीच गाडली की हिरवळीचं खत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा ठिबकच्या नळ्या, फिल्टर आणि पंप आजच रिकामे करून घ्या.