सेमचा निकाल आणि समर टर्म : तुमचं काय झालं?

निकाल लागला. एसजीपीए (सेमची ग्रेड सरासरी, दहापैकी) ६.४, एम-थ्रीत (इंजिनीअरिंगचं तिसरं गणित) एफ, म्हणजे नापास. आमचं कॉलेज स्वायत्त आहे, त्यामुळे राहिलेला विषय, म्हणजे केटी, सुट्टीतल्या समर टर्ममध्ये पाच-सहा आठवड्यांत पुन्हा शिकून परीक्षा देता येते. फॉर्म भरलाय, सोमवारपासून तास. मशीन्समध्ये ए आहे, पण मेसपासून मामापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच, "केटी लागली का?" ज्यांनी समर टर्म केली आहे त्यांनी लिहा. सुविचार नकोत. फी, हजेरी, अभ्यास, घरचे काय म्हणाले, ते हवंय.

विदर्भातली, ईटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), आता नोकरीत

माझीही एम-थ्रीच. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास, म्हणून तास सकाळी साडेसातला. हॉस्टेलची मेस बंद, बाहेर डबा लावलेला. दुपारी कूलरमध्ये पाणी भरायचं आणि त्याच्यासमोर बसून इन्व्हर्स लाप्लासची गणितं. सेममध्ये हा विषय बाकीच्या सबमिशनच्या गर्दीत चिरडून जातो, इथे दुसरं काही नसतंच. छेदात एस स्क्वेअर अधिक चार दिसलं की वर एस आहे की नुसता आकडा ते बघायचं. कोसाइन की साइन ते तिथेच ठरतं. एवढंसं, पण ते मला त्या कूलरसमोर उमगलं.

आमच्याकडे समर टर्मला एक ग्रेड कापतात. बी मिळाला असता, सी लागला. कॅम्पस मुलाखतींत बहुतेक कंपन्यांनी सीजीपीए (सगळ्या सेमची सरासरी) आणि चालू बॅकलॉग एवढंच विचारलं. निघालेली केटी विचारणाऱ्या कंपन्याही असतात, तेव्हा त्यांचे निकष आधी वाच.

शिकवणारा

टेबलाच्या पलीकडून लिहितो. विद्यार्थी 'एका विषयात गेलो' म्हणतात, पण क्रेडिटचा, म्हणजे विषयाच्या वजनाचा, हिशेब करत नाहीत. वीस क्रेडिटच्या सेममध्ये चार क्रेडिटच्या एका विषयात आठाऐवजी चार पॉइंट मिळाले, की एसजीपीए थेट ०.८ ने घसरतो. तोच घोळ एक क्रेडिटच्या लॅबमध्ये झाला तर ०.२. जास्त क्रेडिटचा विषय आधी सांभाळा, हे पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही.

आणि समर टर्मचा वर्ग लहान असतो. एरवी मागच्या बाकावर सेम काढणारी मुलं इथे पहिल्या आठवड्यातच "सर, परत सांगा" म्हणतात. मला हा वर्ग आवडतो. मानधन आवडण्याजोगं नसतं, ते असो.

एमएस, अमेरिका

इकडची गोष्ट वेगळी. समरला विषय घेतलाच पाहिजे असं नव्हतं. फॉलला (ऑगस्टपासूनच्या सेमला) परत येणार असू तर एफ-१ व्हिसावर ती सुट्टी धरता येते. पण अल्गोरिदम्समध्ये बी मायनस, म्हणजे चारपैकी २.७, आणि आमच्या विभागाला एकूण ३.० लागतो. खाली गेलं की प्रोबेशन, म्हणजे ताकीद. म्हणून समरला एक सोपा वाटणारा विषय घेतला.

सोपा कसला! सोळा आठवड्यांचं सहा आठवड्यांत. सोमवारी शिकवलेल्याचा गृहपाठ बुधवारी, शुक्रवारी क्विझ. विषय सोडून पूर्ण फी परत मिळवायची मुदत पहिल्या काही दिवसांतच संपते, म्हणजे अवघड आहे हे कळेस्तोवर पैसे गेलेले. असिस्टंटशिपची फीमाफी समरला नव्हती. दुपारी डायनिंग हॉलमध्ये ट्रे धुवायचे, रात्री अभ्यास. ए मिळाला. आईला फोनवर "सुट्टीत काय करतोस" याचं उत्तर मात्र मी कधीच सरळ दिलं नाही.

आई

मुलाची समर टर्म झाली तेव्हा घरात लग्न होतं, त्याच्या मावसबहिणीचं. तो आला नाही. पाहुण्यांना आम्ही "प्रोजेक्ट आहे" सांगितलं. जाऊबाईंनी लगेच, "कुठल्या कंपनीत?" विचारलं! नंतर तो मला म्हणाला, "आई, केटीपेक्षा तुमच्या प्रोजेक्टचंच टेन्शन आलं." तुम्ही मुलांनी घरी सरळ सांगा, आणि घरच्यांनीही पाहुण्यांना सरळ सांगा. कुणाला काही पडलेली नसते, चार दिवस बोलतात.

बीकॉम, पहिलं वर्ष

आमच्याकडे समर हा शब्द वेगळ्याच कारणाने येतो. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिटवर बाहेर पडून सर्टिफिकेट हवं असेल तर सुट्टीत ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागतो. दुकान सांभाळायचंय म्हणून मी तो करतोय. माझ्या यादीत बसतंय ते टॅली.

सिव्हिल, तिसरं वर्ष

मी समर टर्म घेतली नाही, पस्तावलोही नाही. फी भरणं जमत नव्हतं, गावाकडे पेरणीपूर्व कामं होती. पुढच्या सेमला रेग्युलर पेपरांसोबत केटीचा दिला आणि निघाला. लागोपाठ दोन दिवस पेपर आले तेव्हा हाल झाले, खोटं कशाला बोलू. पण समर टर्म म्हणजे पैसे असणाऱ्यांसाठी दुसरी संधी आहे हेही कुणीतरी लिहायला हवं.

कॉम्प्युटर, दुसरं वर्ष

माझा प्रश्नच आहे. मी दोन मार्कांनी गेलेय, रिव्हॅल (उत्तरपत्रिकेची फेरतपासणी) टाकलंय. समर टर्मची फी शुक्रवारपर्यंत भरायची आणि रिव्हॅलचा निकाल त्यानंतर. ऑफिसात "आधी भरा, मग बघू" म्हणतात. रिव्हॅलमध्ये पास झाल्यावर कुणाला फी परत मिळाली आहे का? अर्ज कुणाच्या नावाने केला होता?