अनुभव धागा: जुनी मोटरबोट घेतल्यावर काय काय निघालं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मे संपत आला की किनाऱ्यावर बोटी वर ओढून शाकारायला सुरुवात होते आणि त्याच सुमारास 'बोट काढायची आहे' असे निरोपही फिरू लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटनाच्या बोटी पावसाळाभर उभ्या. बोट जमिनीवर असते, तळ उघडा दिसतो, मालकाला वेळ असतो. बघायला याहून चांगला काळ नाही. म्हणून हा धागा आत्ताच काढतो आहे. ज्यांनी जुनी बोट घेतली, दुरुस्त केली किंवा बघून नाकारली, त्या सगळ्यांनी लिहा. फायबर, लाकडी, आऊटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं मशीन), डिझेल, काहीही चालेल.

सुरुवात मी करतो. कर्ली खाडीत चालवायला अठरा फुटी फायबरची बोट घेतली, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. बघायला येणारा प्रत्येक जण आधी मशीनचं झाकण उघडतो. मी आधी मशीन ज्यावर टांगलेलं असतं ती मागची उभी भिंत बघितली. तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून फायबर दिसतं, पण पोटात बहुतेक वेळा प्लायवूड असतं. फायबर कुजत नाही, आतलं लाकूड कुजतं. मशीनचे बोल्ट जिथून आरपार जातात तिथे सीलंट सुकलं की पाणी थेंबाथेंबाने आत शिरतं आणि दोन बाजूंच्या फायबरमध्ये कोंडून राहतं. वरून रंग नवा मारला की काहीच कळत नाही.

तपासायला फार काही लागत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू ठोकत जायचं, फणस पिकला का ते बघतो तसं. कोरड्या भागातून टणक, मोकळा आवाज येतो, कुजलेल्या भागातून बद्द. माझ्या बोटीत दोन्ही कडा टणक होत्या आणि बोल्टांच्या खाली सगळं बद्द. मग मशीन अर्धवट वर उचलून त्याच्या पायावर जोर दिला. ट्रान्सम जागचा हलता कामा नये. हा किंचित वाकत होता आणि आतल्या कोपऱ्यात केसासारखी चीर उघडमीट करत होती. मालकाच्या परवानगीने आतल्या बाजूने, पाण्याच्या रेषेच्या वर, बारीक भोक पाडलं. भुसा ओला, काळपट आणि कुबट वासाचा निघाला. तो भुसा समोर असल्यावर भावाची चर्चा लवकर संपली.

दुरुस्ती आतून केली. बाहेरचं फायबर तसंच ठेवलं, आतली कातडी कापली, कुजलेला प्लाय खरवडून काढला आणि पोकळी पंखा लावून पूर्ण कोरडी होऊ दिली. इथे घाई केली तर पुढचं सगळं काम वाया जातं. नवा प्लाय आयएस ७१० चा मरीन प्लाय, १९ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून. कडांनाही इपॉक्सी पाजलं, कारण पाणी कडेतूनच जास्त ओढलं जातं. बोल्टांची भोकं आधी मोठी पाडली, ती घट्ट इपॉक्सीने भरली आणि त्या भरावातून पुन्हा नेमक्या मापाची पाडली. आता सीलंट सुटलं तरी पाणी लाकडाला लागत नाही. हे काम कुणालाही करायला लावा, पण ही पायरी गाळू देऊ नका.

मशीनवाला

मी मालवणात आऊटबोर्डची कामं करतो. खाडीकाठ यांनी ट्रान्समचं बरोबर सांगितलं, मी मशीनचं सांगतो.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की मशीन चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या झाकणाखाली हात लावून बघा. गरम असेल तर थंड मशीन कसं सुरू होतं हे तुम्हाला कळणार नाही, आणि खरी परीक्षा तीच असते. सिलिंडरातला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज सोबत न्या. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती आहे ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे बोला. एक सिलिंडर फारच खाली असेल तर रिंग, पिस्टन किंवा हेड गास्केट यातलं काहीतरी गेलेलं आहे.

मग खालचं गिअर ऑइल. खालचा स्क्रू ढिला करून थोडंसं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी आत गेलंय. आमच्याकडे याचं नेहमीचं कारण तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. गळाची नाहीतर जाळ्याची तंगूस पंख्यामागे (पाण्यातला, बोट ढकलणारा) शाफ्टला गुंडाळली जाते आणि फिरून फिरून सील कापते. पंखा काढून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. सील बदलल्यावर नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा राहते. तेलात धातूची चमक किंवा कीस दिसला तर गिअर उघडावेच लागतील, त्या बोटीचा भाव त्या हिशेबाने करा.

गिऱ्हाईक येऊन सांगतं, "मशीन चालू आसा, पण पाणी मारणा नाय." म्हणजे मागच्या बारीक नळीतून पाण्याची धार येत नाही. तेवढ्यावर मशीन बंद करा. मशीन थंड ठेवणारं पाणी वर चढवणारा इम्पेलर रबराचा असतो. बोट वर्षभर उभी राहिली की त्याची पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात, नाहीतर तुटतात. जुनी बोट घेतली की इम्पेलर न विचारता बदला. आणि जुन्याची पाती मोजा. एखादं पातं कमी असेल तर त्याचा तुकडा वरच्या वाटेत कुठेतरी अडकलाय, तो शोधल्याशिवाय मशीन पुन्हा जोडू नका. नवा इम्पेलर घालूनही गरम होणारी मशीनं माझ्याकडे येतात त्यातल्या कित्येकांत हाच तुकडा निघतो. बाकीच्यांत थर्मोस्टॅटभोवती मिठाचा थर.

पंख्याचं एक सांगायचं राहिलं. मशीनचा आवाज चढतो पण बोट पुढे जात नाही, असं झालं की लोक गिअर गेला म्हणतात. आधी पंख्याच्या आतल्या रबरी बुशावर आणि बाहेरच्या नळीवर रंगाची एक सरळ रेघ ओढा, जोर देऊन फिरवून आणा आणि बघा. रेघ तुटली असेल तर बुश घसरतोय, गिअर ठीक आहे.

देवबागची

आमचं घरगुती निवासाचं काम आहे, पाहुण्यांना संगमापर्यंत फिरवायला काकांनी जुनी बोट घेतली. मशीन आणि तळ त्यांनी बघितला, वायरिंग मी बघितलं, कारण माझं शिक्षण त्यातलं.

बोटीत घरातली वायर वापरलेली होती. वरून आवरण अगदी चांगलं. एक टोक सोलून बघितलं तर आतला तांबा काळा पडलेला, आणि चार बोटं मागे सोललं तरी काळाच. खारी हवा तारेच्या आतून चढत जाते. म्हणून बोटीला कल्हई केलेल्या तांब्याची बहुतारी वायर लागते. सगळी वायर बदलली, प्रत्येक जोड दाबून बसवला आणि वरून गोंदवाली आकुंचन पावणारी नळी चढवली. फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ लावला. पूर्वी तो सुकाणूपाशी होता, म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी तार विनासंरक्षण, शेजारी पेट्रोलची टाकी.

तळातलं पाणी उपसणारा पंप सुरू होत होता, पण आपोआप नाही. त्याच्या तरंगत्या स्विचखाली जाळ्याचे धागे आणि खवले अडकलेले होते. रात्री बोट नांगरावर असते आणि पाऊस पडतो तेव्हा हाच स्विच बोट वाचवतो. पंप थेट बॅटरीवर स्वतःच्या फ्यूजमधून जोडा, मुख्य स्विच बंद केला तरी तो चालला पाहिजे. आणि बोट बघायला जाल तेव्हा तळात बादलीभर पाणी ओतून बघा, बटण दाबून नव्हे.

लाइफजॅकेटही जुनीच बोटीबरोबर मिळतात. आम्ही ती पाण्यात बुडवून, शिवण ओढून बघितली आणि सगळी टाकून नवी घेतली. पाहुण्यांच्या अंगावर ती असतात, तिथे काटकसर करू नये हे मला मनापासून वाटतं.

मतलई

गोव्यातून लिहितो. माझा प्रश्न पेट्रोलचा होता. शापोऱ्याला घेतलेली बोट किनाऱ्यावर मस्त चालायची आणि जोर दिला की गुदमरायची. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, फरक नाही. शेवटी टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवलं. थोड्या वेळात खाली वेगळा थर दिसला.

आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते, त्यामुळे मशीनला आधी तेच मिळतं. टू-स्ट्रोकमध्ये तर जास्त धोका, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि मशीन कोरडं चालतं. बोट दर आठवड्याला चालत असेल तर एवढा त्रास होत नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या बोटीचं हे दुखणं आहे.

टाकी रिकामी करून सुकवली, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. जुन्या रबरी नळ्या आतून सोलून निघत होत्या, त्यांचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये सापडले. नळ्या आणि हाताने दाबायचा पंप, दोन्ही इथेनॉल सोसणारे घेतले. आता मोसम संपताना टाकीत पेट्रोल ठेवतच नाही.

खाडीकाठ

मतलई, हे फार उपयोगी. दिवाळीनंतर बोट काढली आणि मशीन धरत नाही, ही तक्रार आमच्या खाडीत दरवर्षी ऐकतो.

वेसाव्याचा नाखवा

आमची लाकडी, आत डिझेल. फायबरवाल्यांना हे लागू नाही, तरी लिहितो. जुनी लाकडी बोट घेताना टोच्या खिशात ठेवा. पाण्याच्या रेषेजवळ आणि मागे शाफ्ट बाहेर पडतो तिथे टोचून बघा. समुद्रातला पोखरणारा किडा बाहेर एवढंसं भोक ठेवतो आणि आत फळी पोकळ करतो. शाफ्टच्या ग्लँडमधून (पाणी अडवणारं पॅकिंग बसवतात त्या जागेतून) चालताना अधूनमधून थेंब पडले पाहिजेत. एकही थेंब नसेल तर विकणाऱ्याने दाखवण्यापुरती ती आवळलीय, आणि कोरड्या पॅकिंगने शाफ्टला खाच पडते. शाफ्टवर नखाने चाचपा, खाच लागते हाताला.

हिमवर्षाव

मी मिशिगनमध्ये असतो, लेक सेंट क्लेअरवर बोट चालवतो. इथलं पाणी गोडं, म्हणून गंज कमी, पण थंडी इंजिनाचा ब्लॉक फोडते. इथल्या पुष्कळ बोटींचं इंजिन आत असतं आणि गिअरचा पाय मागे बाहेर. हिवाळ्यापूर्वी ब्लॉकमधलं पाणी काढलं नाही की ते गोठून फुगतं आणि ओतीव लोखंडाला तडा जातो. मी बघितलेल्या पहिल्या बोटीत ब्लॉकच्या बाजूला नव्या रंगाचा एकच पट्टा होता. बोट तपासणाऱ्या सर्वेअरने तो खरवडला तर खाली तडा, वरून इपॉक्सी फासलेलं. सर्वेअरची फी गेली आणि इंजिनाची किंमत वाचली. ती बोट घेतली नाही.

दुसरी घेतली. तिच्यात बाहेरचा पाय आणि बोट यांच्यामधल्या रबरी बेलोला घड्यांत चिरा होत्या. पाय वर उचलून, घड्या उघडून टॉर्चने बघितल्याशिवाय त्या दिसत नाहीत, आणि ते रबर फाटलं की बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडते. आधी ते बदललं, मग बाकीचं. बंदिस्त पेट्रोल इंजिन सुरू करण्यापूर्वी आतली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं चालवायचा, हेही इथे सगळे पाळतात. तळात साचलेली पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच बघत असते.

अमेरिकेत १९७२ पासून बोटीवर बारा अक्षरी क्रमांक असतो, मागे उजव्या बाजूला वर. तो कागदाशी जुळवा. घासलेला दिसला तर परत फिरा.

सडा

कागदावरून आठवलं. आपल्याकडे मशीनचा क्रमांक वेगळा आणि बोटीची नोंदणी वेगळी असते. मला दाखवलेल्या बोटीच्या कागदात मशीन एका क्रमांकाचं आणि प्रत्यक्षात दुसरंच होतं. प्रवासी किंवा खासगी बोट असेल तर सागरी मंडळाकडची नोंद, मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडची. कर्जाचा बोजा उतरला असल्याचा बँकेचा दाखला मागा. मालकी नावावर झाल्याशिवाय दुरुस्तीला पैसे घालू नका.

मतलई

खाडीकाठ, एक विचारायचं होतं. इपॉक्सी महाग पडतं. आमचा फायबरवाला साध्या पॉलिस्टर रेझिननेच ट्रान्सम करून देतो म्हणतोय. करू का?

खाडीकाठ

बोट मुळात पॉलिस्टरचीच असते, त्यामुळे बाहेरचे ओरखडे, छोटी भोकं यांना ते चालतं. पण जुन्या, वाळलेल्या फायबरला आणि लाकडाला ते इपॉक्सीइतकं धरत नाही, म्हणून मशीनचं वजन झेलणाऱ्या जागी मी इपॉक्सीच वापरेन. आणि एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पुढे पॉलिस्टर नीट बसत नाही, तेव्हा आधीच ठरवा. जुनं फायबर कापलं तिथे कड उभी ठेवू नका. जाडीच्या बारा पट रुंद उतार घासून घ्या, म्हणजे नवं कापड जुन्यावर पसरून बसतं. पॉलिस्टरमध्ये उन्हाच्या दिवशी हार्डनर थोडं कमी घालता येतं. इपॉक्सीचं प्रमाण मात्र कधीच बदलायचं नाही, डब्यावर आहे तेच.

एक गोष्ट फायबरवाल्याला स्वतः उभं राहून सांगा. पॉलिस्टरचा कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करायला घालतात तो) आणि हार्डनर हे दोन्ही थेट एकत्र मिसळायचे नाहीत, त्यांचा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्हींसाठी मापंही वेगळी ठेवा. काम सकाळी लवकर, दारं उघडी ठेवून. तुमचा ट्रान्सम उघडलात की आतल्या प्लायचा फोटो इथे टाका, कुजकं कुठपर्यंत गेलंय ते बघून किती कापायचं ते सांगता येईल.