माळ्यावर सापडलेला काचचित्रांचा दिवा

प्रियोळकर: घर शाकारताना माळ्यावर पत्र्याची पेटी मिळाली. वर धुराडं, पुढे पितळी नळीत भिंग. सोबत चौकोनी काचा, त्यांवर रंगवलेले राम-रावण. आत टॉर्च धरला तर भिंतीवर रावण उलटा! बिघडलंय का?

म्हापशेकर: काही बिघडलेलं नाही. भिंग चित्र उलटं करतं, म्हणून काचच उलटी सरकवायची. आत रॉकेलचा दिवा असायचा, धुराडं त्यासाठीच. दिव्यापुढचं जाड भिंग शाबूत आहे ना ते बघा; ते प्रकाश गोळा करून काचेवर टाकतं. ते नसेल तर चित्र मधेच उजळ, कडेला काळोख. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने असा दिवा (मॅजिक लँटर्न) 1659 च्या सुमारास केला. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी 1890 च्या दशकात अशाच दिव्याचे, ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले, काचा स्वतः रंगवून! फाळक्यांच्या कितीतरी आधी. पण त्यांचं नाव कोण घेतो?

प्रियोळकर: काचांवर बुरशी आहे. ओल्या फडक्याने पुसू?

फोंडेकर बाय: नाका हो! रंग निघून येतील. रंगाच्या बाजूला हातच लावू नका, मागची बाजू कोरड्या मऊ ब्रशने झाडा. दिवा एलईडीच घाला, हॅलोजनच्या उष्णतेने काच तडकते. आणि पावसाआधी माळ्यावरून खाली आणा.