लाइफ जॅकेटच्या आधीचं काही
मुलांना घेऊन शिडाच्या बोटीने महासागर ओलांडायच्या चर्चेत, लहान मुलांना लाइफ जॅकेट घातलं की निम्मी काळजी मिटली, असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. जॅकेट कामाला येतं ते पडल्यावर. भर समुद्रात, त्यातून रात्री, लाटांमध्ये एवढंसं डोकं दिसणार कसं? मूल पडूच नये ही खरी तयारी: अंगात हार्नेस (छाती-खांद्यांभोवती बांधायचे पट्टे), त्याचा आखूड पट्टा बोटीला अडकवलेला, कठड्याला जाळी. पट्टा अडकवल्याशिवाय केबिनबाहेर पाऊल नाही, मग कितीही रडारड होवो.

मला जास्त धास्ती वाटते ती आजारपणाची. २०१४ मध्ये 'रेबेल हार्ट' बोटीवरची एक वर्षाची मुलगी मेक्सिकोपासून शेकडो मैल दूर, पॅसिफिकमध्ये आजारी पडली. बचावपथकाचे जवान पॅराशूटने उतरले, कुटुंबाला अमेरिकी नौदलाच्या जहाजाने उचललं. बोट बुडवावी लागली.

आणि पहाऱ्याचं, म्हणजे रात्रंदिवस बोटीवर नजर ठेवण्याचं काय? दोघंच पालक असतील तर एक पहाऱ्यावर, दुसरा झोपेत. मग मूल कुणाकडे? आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन गाठायला, वारे अनुकूल असले तरी, साधारण ३ आठवडे लागतात. तिसरं मोठं माणूस सोबत घ्याच. शाळा बुडेल वगैरे चर्चा त्यानंतर.