मदत हवी आहे: अ‍ॅरेचा आकार चालू प्रोग्राममध्ये विचारून घ्यायचाय, मोबाईलवर होतं, लॅबमध्ये नाही

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातला, बीसीए पहिलं वर्ष. घरी कापसाची वेचणी सुरू आहे. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, एकेकीचं गाठोडं मोजून बाबा वहीत मांडतात, मजुरी किलोवर. बाया कधी ६, कधी १५. सोयाबीनची सोंगणी जोरात असली की ४ मिळायचीही मारामार. त्या वहीचाच प्रोग्राम सी मध्ये करतोय. आधी 'आज किती जणी?' विचारायचं, तेवढाच अ‍ॅरे करायचा (म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेली मूल्यं), वजनं घ्यायची, बेरीज दाखवायची. दशांशाची भानगड नको म्हणून वजन ग्रॅममध्ये, इंट म्हणजे पूर्णांकात.

स्कॅनएफने (टाइप केलेलं वाचणारं फंक्शन) बायांची संख्या एनमध्ये वाचतो आणि खाली लिहितो (कोड मराठीतच टाकतोय, सांभाळून घ्या):

इंट वजन[एन];

मोबाईलमधल्या कंपायलरवर (कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारं सॉफ्टवेअर) बिनतक्रार चालतं. लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लस आहे, तिथे याच ओळीवर 'कॉन्स्टंट एक्स्प्रेशन रिक्वायर्ड', म्हणजे तिथे ठरलेला आकडाच हवा. सर म्हणाले, १०० लिही अन् मोकळा हो. पण १०० च लिहायचे तर विचारायचं कशाला? आणि दुपारून दोघी-तिघी वाढल्या तर?

कापूसकोंड्या:
भाऊ, दोन्ही कंपायलर आपापल्या जागी बरोबर आहेत. जुन्या, म्हणजे १९८९ च्या सी मध्ये अ‍ॅरेचा आकार कंपाइल होतानाच ठरलेला लागतो. तू लिहिलंस ते १९९९ च्या स्टँडर्डमध्ये आलं, आणि २०११ मध्ये ते ऐच्छिक करून टाकलं. टर्बो त्याच्या आधीचा. सी प्लस प्लसच्या स्टँडर्डमध्ये तर हे नाहीच. जीसीसी नावाचा कंपायलर स्वतःहून चालवून घेतो, एवढंच. शिवाय असा अ‍ॅरे सहसा स्टॅकवर, म्हणजे मेमरीच्या मर्यादित भागात जातो. कुणी ५० लाख टाकले तर प्रोग्राम जागच्या जागी आडवा, कारणही सांगणार नाही.

दोन्हीकडे चालेल असं हवं तर मॅलॉक, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मेमरी मागून तिचा पत्ता देणारं फंक्शन:

इंट *वजन = (इंट *) मॅलॉक(एन * साइझऑफ(इंट));

वर एसटीडीलिब डॉट एच ही हेडर फाइल घे, मॅलॉक तिच्यात आहे. कंसातला इंट पॉइंटर (पत्ता ठेवणारा प्रकार) गाळू नको. फाइल डॉट सीपीपी नावाने असली की सी प्लस प्लसचे नियम लागतात आणि त्याशिवाय कंपाइल होत नाही. नल (जागा मिळाली नाही याची खूण) आला का ते बघ, काम झालं की फ्री करून जागा परत दे. वापर मात्र नेहमीसारखाच, वजन[आय].

धुऱ्यावरचा:
आकाराचं झालं, पण तू ग्रॅम इंटमध्ये ठेवून राहिला ना? टर्बोत इंट २ बाइटचा, ३२,७६७ च्या वर जात नाही. ४० किलो ५०० ग्रॅम वेचणारी बाई तिथे उणे २५,०३६ ग्रॅम दिसेल. दिवसभर वाकून वेचायचं अन् वरून तिच्याकडेच बाकी निघायची! सगळीकडे लाँग (मोठा पूर्णांक) कर, बेरजेलाही. स्कॅनएफमध्ये लाँग वाचायला परसेंट एलडी.

प्रश्नकर्ता:
मॅलॉक आणि लाँग, दोन्ही केलं. लॅबमध्येही चाललं, धन्यवाद. आता दुपारी वाढलेल्या बाया?

कापूसकोंड्या:
रिअ‍ॅलॉक. जुनी वजनं तशीच राहतात, जागा वाढते. फक्त उत्तर थेट 'वजन'मध्ये घेऊ नको. जागा मिळाली नाही तर नल येतो आणि जुना पत्ताही हातचा जातो. आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घे, नल नसेल तरच 'वजन'ला दे. एकेका बाईसाठी रिअ‍ॅलॉक करत बसू नको, संपली की जागा दुप्पट कर.

प्रश्नकर्ता:
पावसाच्या दिवशी ० टाकलं तर?

धुऱ्यावरचा:
० ला मॅलॉक काय देईल ते कंपायलरवर आहे, कुठे नल, कुठे नुसता पत्ता. म्हणून त्याच्या आधीच एन ० पेक्षा मोठा आहे का ते तपास. स्कॅनएफने १ परत दिला का तेही पाहा. बाबांनी अक्षरात 'सहा' टाइप केलं तर एनमध्ये काहीच वाचलं जात नाही, आधीचा कचरा तसाच राहतो.