मदत हवी आहे: पावसाळ्यात इंडक्शन मशीनच्या पॅनेलमध्ये पाणी धरतंय, चिलर कितीवर ठेवू?

गाळा_१४
नमस्कार मंडळी. साकीनाक्याला गाळ्यात ५० किलोवॅटचं इंडक्शन हार्डनिंग मशीन (कॉइलमध्ये वीज सोडून लोखंडी भाग तापवून कडक करणारं) आहे. ५ टनाचा चिलर (मशीनमधून फिरणारं पाणी गार करणारा), सेटिंग २२ अंश. पाऊस लागला की आयजीबीटीच्या (पॉवर स्विचच्या) पाण्याने गार होणाऱ्या कोल्ड प्लेटला आणि बसबारला (वीज नेणाऱ्या पट्ट्यांना) घाम येतो, अर्थ फॉल्ट (वीज अर्थिंगकडे गळतेय असं) दाखवून मशीन ट्रिप होतं. सेटिंग ३० केलं तर कॉइल रिटर्नचा (कॉइलमधून परत येणाऱ्या पाण्यावरचा) ५५ अंशांचा थर्मोस्टॅट उडतो.

२२ अंशांवर फुल लोडला घेतलेली मापं:
आयजीबीटी लाइन: १४ लिटर/मिनिट, रिटर्न २५
कपॅसिटर-ट्रान्सफॉर्मर: ८ लिटर/मिनिट, रिटर्न २६
कॉइल: ४ लिटर/मिनिट, रिटर्न ४७, कॉइलवर प्रेशर ड्रॉप (आत जाताना आणि बाहेर येताना दाबातला फरक) २ बार

मोठा चिलर घ्यावा का?

वॉटरलाइन
नको. मापं दिलीत ते उत्तम, नाहीतर इथे नुसते अंदाज चालतात. लिटर/मिनिट गुणिले तापमानातला फरक भागिले १४.३, म्हणजे उष्णता किलोवॅटमध्ये. तुमच्या तीन लाइनी अनुक्रमे २.९, २.२ आणि ७. एकूण १२ किलोवॅट. ५ टन म्हणजे साडेसतरा किलोवॅट. चिलर पुरून उरतोय.

पावसाळ्यात गाळ्यात ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू २८ येतो. त्याखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच. तेव्हा पाणी दवबिंदूच्या २-३ अंश वर, म्हणजे ३०-३१ ला ठेवायचं. मशीनच्या पुस्तकात आत जाणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा बघा. ३५ असेल तर बिनधास्त.

आता कॉइल. ४ लिटरमध्ये ७ किलोवॅट काढताय म्हणून २५ अंशांची वाढ. ३० + २५ = ५५, थर्मोस्टॅट उडणारच. त्याचं सेटिंग वाढवू नका. तिथे १० लिटर पाहिजे, मग वाढ १० अंशांवर येईल. पण प्रेशर ड्रॉप साधारण प्रवाहाच्या वर्गाने वाढतो: अडीचपट पाणी, सव्वासहापट ड्रॉप, साडेबारा बार. एवढं ना पंप देईल ना होज सोसेल.

उपाय: कॉइलच्या लांबीच्या बरोबर मध्यावर इनलेट घ्या आणि दोन्ही टोकांना आउटलेट. प्रत्येक अर्ध्यात ५ लिटर. लांबी निम्मी झाल्यामुळे ड्रॉप सुमारे १.६ बार, म्हणजे आत्तापेक्षा कमीच.

भांडुप_फिटर
वरच्याशी सहमत, पण आधी कॉइल सोडून बादली आणि स्टॉपवॉच लावून प्रवाह मोजा. त्याच नळीच्या नव्या कॉइलपेक्षा बराच कमी भरला तर आत क्षार बसलेत. ५ टक्के सायट्रिक ॲसिड फक्त कॉइलमधून फिरवा, मग भरपूर साधं पाणी. मशीनच्या बाकी लाइनींत ॲसिड जाता कामा नये, कोल्ड प्लेट ॲल्युमिनियमची असली तर वाट लागेल. टॉप-अपला टँकरचं किंवा बोअरचं पाणी टाकत असाल तर बंद करा, डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) भरा.

मधला जोड सिल्व्हर ब्रेझिंगचाच (चांदीमिश्रित धातू वितळवून केलेला). जॉबच्या (तापवायच्या भागाच्या) उलट्या बाजूला घ्या, म्हणजे हीटिंग पॅटर्नला धक्का लागत नाही. ब्रेझिंगचा माल नळीत उतरला तर एक अर्धं उपाशी राहील. तिथे काळा कार्बनवाला रबर होज नको, तो वीज वाहतो.

वॉटरलाइन
उपाशी राहण्यावरून आठवलं. दोन्ही आउटलेटला वेगवेगळा फ्लो स्विच (पाणी थांबलं की मशीन थांबवणारा) लावा. एका अर्ध्यात पाणी तुंबलं तर ते तिथेच उकळेल, पुढे थर्मोस्टॅटपर्यंत पोचणारच नाही. कॉमन लाइनवरचा स्विचही गप्प बसेल, कारण दुसरं अर्धं वाहतंच आहे.

टॉवरवाला
मुळात चिलर कशाला? कूलिंग टॉवर आणि प्लेट हीट एक्स्चेंजर (टॉवरचं आणि मशीनचं पाणी न मिसळता उष्णता काढणारा) लावा. टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्बखाली (ओल्या कापडाने गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानाखाली) जात नाही आणि वेट बल्ब दवबिंदूच्या खाली नसतो. घाम येण्याचा प्रश्नच मिटतो, कॉम्प्रेसरचं बिलही वाचतं.

वॉटरलाइन
नवीन बसवताना मीही हेच सांगितलं असतं. पण मुंबईत पावसाळ्यात वेट बल्ब २७-२८ जातो. टॉवरमधून ३१-३२ मिळणार, एक्स्चेंजरनंतर ३४-३५. मर्यादा ३५ असेल तर हाताशी काही उरत नाही. चिलर आहेच, तो वापरा.

गाळा_१४
पुस्तकात ३५ आहे. एकूण प्रवाह २६ वरून ३२ होईल, पंप तोच चालेल?

भांडुप_फिटर
पंपाच्या कर्व्हवर (प्रवाह-दाबाच्या आलेखावर) ३२ लिटरला किती बार मिळतात ते बघा. कॉइलला वाढीव पाणी दिल्यावर आयजीबीटीची लाइन १४ च्या खाली जाऊ देऊ नका. कमी झाली तर आधी कपॅसिटरचा व्हॉल्व्ह ६ लिटरपर्यंत आवळा, तिथे वाढ साडेपाच अंशांच्या आतच राहते. त्यानेही भागलं नाही तरच पंप बदला. पाणी भरल्यावर सगळ्यात वरच्या पॉइंटवरून हवा काढा, नाहीतर ही सगळी मापं खोटी येतील.

आणि जेवणाच्या सुट्टीत हीटिंग बंद असताना पॅनेलमधून गार पाणी फिरत ठेवू नका. हीटिंगच्या सिग्नलवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारा) घ्या, बंद होताना २-३ मिनिटांचा टायमर द्या. पॅनेलच्या केबल एंट्री सील करा, उघड्या भोकांतून दमट हवा आत येतच राहते.