उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) फिटली नाही म्हणून मामेभावाला मुकादम सोडत नाही, पोलीस म्हणतात आपसात मिटवा. काय करावं?

अक्कलकोटरोडकर: मामेभाऊ नि वहिनी दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलते, पंढरपूरकडं. जोडीला १ लाख २० हजार उचल. पट्टा पडला (हंगाम संपला), हिशेब झाला तर मुकादम म्हणतो अजून ५५ हजार बाकी, आणि गावाकडं न सोडता दोघांना स्वतःच्या वीटभट्टीवर नेऊन बसवलं, आता महिना झाला. भावाचा मोबाईल काढून घेतलाय, वहिनी भट्टीवरच्या दुसऱ्या बाईच्या फोनवरनं चोरून बोलते. दहा वर्षाची पोरगी पण तिथंच, विटा पालथ्या घालायला लावतात. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे देण्याघेण्याचा विषय आहे, आपसात मिटवा. मी इथं लूमवर कामाला, २० हजार जमवलेत, देऊन सोडवून आणू का?

कोयता_नको: घेताना पैसे गोड लागले का बे? मी मुकादमाच्याच घरातला आहे म्हणून सांगतो. कारखाना उचल आमच्या नावावर देतो, टोळी रातोरात पळाली की बाकी आमच्या डोक्यावर, वडलांनी दोन एकर विकलीय त्यापायी. ती पण बाजू बघा की.

सात_रस्ता_वकील: बाजू खरीय, पण इलाज चुकीचा. पैसे बुडाले तर दिवाणी दावा लावा, फसवणूक वाटली तर तक्रार करा, माणूस अडकवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात साखळदंड लागत नाही हो, उचलीपोटी दुसरीकडं कामाला जायची किंवा हिंडायफिरायची मोकळीक गेली तरी ती वेठबिगारीच. आणि कलम ६ नं ती बाकीच संपते. ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पण कलम १५ प्रमाणं पैसे देणाऱ्यावर, तुमच्या भावावर नाही. संविधानाचं कलम २३ तर आहेच, १९८२ च्या एशियाड मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नडीपायी किमान वेतनापेक्षा कमीवर राबावं लागलं तर ती पण सक्तीची मजुरी.

म्हणून ते २० हजार देऊ नका. संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हा कलम ९ खाली त्याचाच गुन्हा आहे, आणि तुम्ही दिले की उद्या तो म्हणणार बघा, बाकी होतीच.

जुना_अव्वल_कारकून: पोलिसांवर थांबू नका, या कायद्यात चौकशीची जबाबदारी कलेक्टरवर आहे, खाली प्रांत (उपविभागीय अधिकारी). अर्जात "पैशाचा वाद" लिहिलात की फाईल तिथंच मेली. सरळ "वेठबिगार" शब्द लिहा, मग उचल कधी, किती, किती तास काम, मोबाईल कुणी घेतला, भट्टी कुठल्या गावात, पोरीचं वय. भट्टी जिथं आहे तिथल्या प्रांतांना एक प्रत, आवक शिक्का मारून पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही समजा (तीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलोय, माहितीय मला). सोडवल्यावर मुक्तता प्रमाणपत्र मागाच. त्याच्यावर ३० हजारापर्यंत तातडीची मदत आहे. पुढची मोठी रक्कम, पुरुषाला १ लाख, बाई-मुलांना २ लाख, ती गुन्हा शाबीत झाल्यावर, त्याला वेळ लागतो, त्या भरवशावर नवीन उधारी करू नका.

सात_रस्ता_वकील: पोरीसाठी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाईनला, आजच फोन करा. फुकट वकील १५१०० वर मिळतो. कोंडून ठेवल्याचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम १२७ खाली वेगळा लागतो, फसवून किंवा धमकावून नेलं असेल तर कलम १४३, मानवी तस्करी, त्याला किमान ७ वर्षं. १९७६ च्या कायद्यात मात्र ३ वर्षं आणि दंड २ हजार. २ हजार! आजच्या घडीला भट्टीवाल्याचा एका दिवसाचा डिझेलचा खर्च.

कोयता_नको: कर्ज संपलं म्हणजे कारखाना आमची बाकी पण सोडणार का?

सात_रस्ता_वकील: नाही, तो तुमचा आणि कारखान्याचा करार. त्यासाठी कारखान्याशी भांडा, मजुराशी नको.

अक्कलकोटरोडकर: १०९८ ला लावला, त्यांनी गावाचं नाव नि भट्टीची खूण लिहून घेतली. उद्या शिफ्ट बुडवून कलेक्टर ऑफिसला जातो. वहिनीला अजून काय सांगितलं नाही, फोन त्या बाईचा आहे, कुणी ऐकलं तर रात्रीतनं हलवतील म्हणून.

जुना_अव्वल_कारकून: बरं केलंत. अर्जात तेवढंच वर, पहिल्या ओळीत लिहा, की हलवायची भीती आहे.